स्पिअरगन नेमकी कुणाच्या खात्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर आपण एक छायाचित्र छापलंत. काळा रबरी सूट घातलेला तरुण, उजव्या हातात स्पिअरगन (पाण्याखाली मासे मारायला सळी सोडणारं हत्यार), डाव्या हातात कल्ल्यात बोटं घालून धरलेला पाच-सहा किलोंचा हेकरू मासा, आणि मथळा 'पाण्याखालचा थरार'. फोटो झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण खालच्या मजकुरात पोराचं शिक्षण आलं, तो श्वास किती वेळ रोखतो ते आलं, सूट कुठून मागवला तेही आलं. हातातलं ते हत्यार बाळगायला आणि आमच्या समुद्रात वापरायला परवानगी लागते का, याबद्दल मात्र एक ओळ नाही. तुमच्या वार्ताहराला दोष देत नाही. मी स्वतः तीन महिने हाच प्रश्न घेऊन हिंडतोय.

मी सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरचा. बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, खलाशी म्हणून चढलो आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून उतरलो. आता घरची फायबरची छोटी होडी आहे. हंगामात गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायला जातो, घरी पाहुणे आले तर त्यांना खडकापर्यंत फिरवून आणतो.

डिसेंबरात भाचा मेलबर्नहून आला. सामानात क्रिकेटच्या बॅटीची असते तशी एक लांबट पिशवी. उघडल्यावर आमच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. "ह्या काय रे हाडलंस? बंदूक?" तो म्हणाला, "मामी, माशे मारूची बंदूक." विमानतळावर त्याची पिशवी उघडली होती. एकाने टोकाला बोट लावून पाहिलं, दुसऱ्याला बोलावलं, दोघांनी मान हलवली आणि जाऊ दिलं. कुठल्या नियमाखाली जाऊ दिलं, हे त्याने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ज्यांनी ही वस्तू हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अॅल्युमिनियमची हातभर लांब नळी, मागे पिस्तुलासारखी मूठ आणि चाप. पुढच्या तोंडाला बोटाएवढ्या जाडीची दोन रबरं. नळीवर खोबण, त्यात करंगळीहून बारीक पोलादी सळी बसते. मूठ छातीला टेकवायची, दोन्ही हातांनी रबरं ओढून सळीच्या खाचेत अडकवायची. चाप दाबला की सळी सुटते, तिच्या शेपटाला नायलॉनची दोरी बांधलेली असते. टोकाजवळ एक छोटा पंख असतो. आत शिरताना तो मिटतो, माशाच्या पलीकडे गेला की उघडतो, आणि मग सळी मागे ओढून निघत नाही. पाण्यात हिची झेप तीन-चार मीटर. दारू नाही, धूर नाही, आवाज म्हणाल तर टचकन एवढाच.

पाण्याबाहेर रबर ओढायचं नाही हा भाच्याचा पहिला धडा. होडीत बसल्या बसल्या तो ते समजावून सांगत होता. तेवढ्यात शेजारचा बारावीतला पोरगा "बघू तरी" म्हणून गन घेऊन मागे सरकला आणि आम्ही नांगराच्या दोरीशी झटत असताना त्याने एक रबर चढवलंसुद्धा. एकच. त्याचं बोट कुठे लागलं ते त्यालाही कळलं नाही. सळी थर्माकोलच्या बर्फाच्या पेटीच्या दोन्ही भिंती फोडून प्लायवूडच्या बैठकीत आरपार गेली. पेटीच्या बाजूला माझं डावं पाऊल होतं, अंतर वीतभर. पोरगा पांढराफटक. पलीकडून पंख उघडलेला, त्यामुळे सळी हलेना. शेवटी भाच्याने फळीखाली हात घालून तो पंख गरीच्या दोऱ्याने आवळून बांधला, तेव्हा कुठे ती मागे आली. त्या फळीला अजून भोक आहे. मी ते बुजवलेलं नाही.

रात्री जेवताना डोक्यात आलं, सळी माझ्या पायातून गेली असती तर पंचनाम्यात काय लिहिलं असतं? अपघात, शस्त्र, की मासेमारीचं साहित्य?

म्हणून एका पोलीस ठाण्यात गेलो. गाव लिहीत नाही, कारण तिथला अधिकारी सज्जन होता आणि त्याने चहाही पाजला. गन पोत्यात गुंडाळून नेली होती. त्याने उलटसुलट पाहिली. "फायर होते?" म्हटलं, रबरावर चालते. "मग बंदूक नाही." बाजूचा शिपाई म्हणाला, "साहेब, टोक आहे की. भाला धरायचा." साहेबांच्या पाठीमागे फळ्यावर मनाई आदेश डकवलेला होता. असे आदेश सण आणि निवडणुका आल्या की आपल्याच दैनिकात येतात: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, लाठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास मनाई. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ३७ (१). मी बोट दाखवून विचारलं, साहेब, मग आत्ता हे पोतं घेऊन मी रस्त्याने आलो तो गुन्हा झाला का? ते हसले. "तुम्ही कशाला, काका." मला सूट मिळाली ती वयामुळे की ओळखीमुळे, कोण जाणे. वस्तूमुळे मिळाली नाही एवढं नक्की. चेहरा अनोळखी असता आणि वेळ रात्रीची असती, तर तीच पिशवी भाला ठरली असती.

मित्राचा मुलगा वकिली करतो. त्याने शस्त्र अधिनियम, १९५९ काढून वाचून दाखवला. त्यात बंदुकीची व्याख्या मी समजत होतो त्याहून रुंद निघाली. स्फोटकाच्या किंवा 'इतर प्रकारच्या ऊर्जेच्या' जोरावर कोणतीही वस्तू फेकण्यासाठी बनवलेलं शस्त्र म्हणजे बंदूक. ताणलेलं रबर ही ऊर्जाच झाली. काही स्पिअरगन दाबलेल्या हवेवर चालतात, त्यांचं तर विचारूच नका. पण त्याआधी एक पायरी आहे: ती वस्तू मुळात शस्त्र हवी, म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली. माशावर हल्ला हा हल्ला का? वकील म्हणाला, "काका, एका बाजूने मी सोडवीन, दुसऱ्या बाजूने मीच अडकवीन." कायद्याने घरगुती आणि शेतीच्या वापरासाठीच बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. म्हणून आमचा कोयता सुटतो. स्वयंपाकघर आलं, शेत आलं, समुद्र काही आला नाही. २०१६ च्या नियमांत भाले पाचव्या वर्गात आहेत, तलवारी-खंजिरांच्या पंगतीला. पाती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असा हिशेब सुऱ्यांना लावलाय. आमच्या सळीला पातंच नाही. छर्‍याच्या बंदुकीलासुद्धा जोराला वीस ज्यूल आणि नळीला साडेचार मिलिमीटर असं माप ठरवून दिलंय. कुणीतरी बसून ते मोजलं असणार. स्पिअरगनसाठी तेवढंही कुणी बसलेलं दिसत नाही.

मासेमारीशी संबंधित कचेरीत फोनवरच काम आटोपलं. त्यांच्याकडे नोंद होते नौकेची आणि जाळ्याची. नौका आहे का? आहे. जाळं कुठलं? जाळं नाही. मग कशाची नोंद करू? प्रश्न रास्त होता. १ जून ते ३१ जुलैची बंदी घ्या, ती यांत्रिकी नौकांना आहे. पोहत जाणाऱ्या माणसाला ती कशी लावणार? पावसाळ्यात आमच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही म्हणून हा प्रश्न निघत नाही, एवढंच.

खरी गंमत पुढे आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. स्नॉर्केलिंगवाले पर्यटक बहुतेक तिथेच उतरतात. म्हटलं, इथे तरी चित्र स्वच्छ असेल. वनखात्याचा अनुभव असलेल्या एका ओळखीच्या माणसाने चहाच्या टपरीवर मोबाईलवर वन्यजीव कायदा उघडून दिला. कलम ३१: लेखी परवानगीशिवाय कुणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायचं नाही. वा! मग शस्त्र म्हणजे काय? वर सरकवत नेलं तर यादी: दारूगोळा, धनुष्यबाण, स्फोटकं, बंदुका, गळ, सुऱ्या, जाळी, विष, फास, सापळे, आणि प्राण्याला इजा करू शकेल किंवा मारू शकेल असं कुठलंही साधन.

गळ. जाळी. मी खिशात हात घातला तर दोन गऱ्या आणि दोऱ्याची रिळं होती.

म्हणजे कागदावर पाहिलं तर परदेशातून आलेली गन आणि माझ्या आजोबांपासून चालत आलेली गरी, दोन्ही एकाच ओळीत. किल्ल्याच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारा प्रत्येक माणूस रोज सकाळी शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरतो. त्याच कायद्यात स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करूनच समुद्राची हद्द अभयारण्यात घ्यावी असंही म्हटलंय. अभयारण्य जाहीर झाल्यापासून आमच्या लोकांचा त्याला विरोध का, हे शहरातल्या वाचकांना कळत नसेल तर ही व्याख्या त्यांनी एकदा वाचावी. सगळ्यालाच शस्त्र म्हटलं की प्रत्यक्षात कुणी कशालाच शस्त्र मानत नाही. आणि या धूसर जागेतून फोटोतला तरुण निवांत पोहून जातो.

मी जहाजावर असताना इतर ठिकाणी काय पाहिलं ते सांगतो. इटलीतल्या जिनोव्हाच्या बंदरात आमचा एक डेक कॅडेट स्पिअरगन घ्यायची म्हणून मला सोबत घेऊन दुकानात गेला. म्हाताऱ्या दुकानदाराने गन दाखवण्याआधी बोटं मोजत नियम सांगितले. सोळा वर्षांखालच्याला नाही. माणसं पोहतात त्या किनाऱ्यापासून पाचशे मीटर लांब. सूर्य मावळल्यावर नाही. ऑक्सिजनची नळी लावून नाही, छातीतल्या श्वासावरच. पाण्याबाहेर चढवायची नाही. दिवसाला पाच किलो मासळी आणि हेकरू एकच. वर लाल कापडावर तिरका पांढरा पट्टा असलेलं निशाण तरंगवायचं, म्हणजे होडीवाल्याला कळेल. (नळीत हवा असते, ऑक्सिजन नाही, पण म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार!) पुढे कळलं की त्यांचा हा नियम १९६८ पासूनचा आहे. कॅडेट ते ऐकून गन न घेताच बाहेर आला आणि त्या पैशाचे बूट घेतले.

मॉरिशसमध्ये सरळ बंदी. पोर्ट लुईला दुरुस्तीसाठी आमचं जहाज अडकलं होतं. तिथे भेटलेल्या टॅक्सीवाल्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे. मराठी मोडकी, पण 'गणपती' आणि 'मोदक' अगदी आपल्यासारखे म्हणायचा. त्याने मला बजावलं, इथे पाण्याखाली बंदूक घेऊन जायचं नाही, पाण्यात भाला मारायचा तर तो फक्त चुकून. म्हणजे काय ते मला आजही नीट कळलेलं नाही, पण त्याला स्वतःच्या देशाचा नियम ठाऊक होता.

आणि भाच्याचं व्हिक्टोरिया राज्य. तिथे स्पिअरगन 'नियंत्रित शस्त्र' आहे. सुरी, सोटा, संगीन आणि गुरांना विजेचा झटका द्यायची काठी, या चौघांसोबत पाचवी ती. परवाना लागत नाही, पण बाळगायला कायदेशीर कारण हवं. खेळ किंवा छंद हे कारण चालतं, स्वसंरक्षण चालत नाही. अठराच्या आतल्याला विकायची नाही. नेताना-ठेवताना सुरक्षित ठेवायची. मासे मारायचे तर मासेमारीचा परवाना वेगळा, आणि सागरी राष्ट्रीय उद्यानांत गळसुद्धा टाकायचा नाही. पोलिसाने गाडी थांबवली तर भाच्याला काय उत्तर द्यायचं ते पाठ आहे. इथे त्याच्या मामाला ठाण्यात जाऊनही उत्तर मिळालं नाही.

त्यांचंही सगळं चोख असतं असं नाही. सिडनीजवळ क्रोनुल्ला भागात पाणबुड्यांच्या हाताशी खेळणारा एक निळा ग्रोपर होता, लोकांनी त्याचं नाव गस ठेवलं होतं. ३० डिसेंबर २०२३ ला एकाने तो भाल्याने मारला. दंड पाचशे डॉलर. लोक खवळले, कारण त्या जातीला भाल्याने मारायला १९६९ पासून बंदी असली तरी गळाने पकडायला चालत होतं. फेब्रुवारी २०२४ पासून सरकारने कुठल्याही साधनाने तो मासा धरायला वर्षभराची बंदी घातली. त्यांना भोक दिसल्यावर त्यांनी ते लगोलग बुजवलं, मला त्याचं कौतुक वाटतं.

आता माझं मत. मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. एलईडी दिवे लावून रात्रीत समुद्र उपसणाऱ्यांपुढे एक श्वास घेऊन बुडी मारणारा पोरगा म्हणजे काहीच नाही. केंद्राने त्या दिव्यांवर २०१७ मध्ये बंदी घातली, दिवे अजून किनाऱ्यावरून दिसतात. शिवाय भाल्याने बारकी मासळी मरत नाही, जाळं सोडलं जात नाही, खडक खरवडला जात नाही. हे सगळं मान्य.

पण हेकरूचं एक वेगळं आहे. तो जन्माला येतो मादी म्हणून. वय आणि वजन वाढलं की त्यातले काही नर होतात. म्हणजे एखाद्या खडकावरचा सगळ्यात दांडगा हेकरू हा बहुधा तिथला नर, आणि स्पिअरगनवाल्याला हवा असतो नेमका तोच. फोटोत छान दिसतो ना. हेकरू जागा सोडत नाही, त्याच कपारीत वर्षानुवर्षं बसतो, माणूस आला तर पळायच्या ऐवजी तोंड बाहेर काढून बघतो. पाठीवर सिलिंडर लावून, टॉर्च घेऊन गेलं तर दोन दिवसांत अख्खा खडक रिकामा करता येतो. गरीला लहान लागला तर मी सोडून देतो. सळी आरपार गेलेला मासा सोडता येत नाही. मापाखालची मासळी धरू नये म्हणून राज्याने ५४ जातींची किमान मापं ठरवून दिली आहेत, पण मास्कच्या काचेतून पाण्यात प्रत्येक मासा मोठा दिसतो. आम्ही गरवणारे तर बाहेर काढल्यावरही मोठाच सांगतो, ते सोडा.

दुसरी भीती माणसांची. डिसेंबर-जानेवारीत, पाणी निवळलं की त्याच खडकांवर शेकडो पर्यटक लाईफ जॅकेट घालून तोंड खाली करून तरंगत असतात. त्यांच्या खाली तीन मीटरवर कुणी चाप दाबत असेल, तर गाईडला ते दिसायला हवं. निशाण नाही, अंतर नाही, काही नाही. माझ्या फळीचं भोक मी याचसाठी ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ ने सरकारला आधीच अधिकार दिलाय: कुठल्या भागात, कुठल्या काळात, कुठल्या जातीची मासळी, कुठल्या साधनाने धरू नये, हे ठरवण्याचा. त्या साधनांत हे एक नाव लिहावं. सिलिंडर लावून किंवा रात्री दिवा घेऊन भाला चालवायचा नाही, पर्यटक उतरतात त्या खडकांपासून अमुक अंतर, हेकरू दिवसाला एक किंवा शून्य, वर निशाण, पाण्याबाहेर रिकामी गन पिशवीत. एवढं झालं की मनाई आदेश काढणाऱ्यांनाही 'नोंदणीकृत मासेमारीचं साहित्य वगळून' असे चार शब्द घालता येतील, आणि त्यात गरीही सुटेल. हे काम मत्स्यव्यवसाय खात्याचं आहे. ठाण्यातल्या साहेबांनी भाला की बंदूक हे चहा पिताना ठरवावं, हे त्यांच्यावरही अन्याय करणारं आहे आणि आमच्यावरही. कारण गन ऑनलाईन मागवता येते, आमच्या वाडीतली दोन पोरं पैसे साठवतायत. पर्यटक दोन दिवसांत निघून जाईल, आणि पकडलं जाईल ते गावातलंच पोर.

आपल्या वार्ताहराने फोटोतल्या तरुणाला पुन्हा गाठून फक्त एवढंच विचारावं की त्याने कुणाला विचारलं होतं का. आणि विचारलं असेल तर काय उत्तर मिळालं, ते छापावं. मी ते कात्रण जपून ठेवीन.

भाचा जानेवारीत परतला. गन नेली नाही, म्हणाला, "मामा, पुढच्या खेपेला." ती सध्या आमच्या माळ्यावर आहे, रबरं काढून, सळीच्या टोकाला बाटलीचं बूच लावून. शेजारचा पोरगा बारावीची परीक्षा संपल्यापासून दोनदा येऊन गेला. मी त्याला सांगितलंय, आधी ह्या कोणाच्या खात्यात येता ता कळांदे, मग बघूया.

आपला,
एक निवृत्त सारंग
जि. सिंधुदुर्ग